अश्वत्थाम्याची जखम

दुःखातून पाप घडते, हे आपण सारे जाणतो. पण ज्या दुःखातून ते घडले, त्या दुःखाने त्याचे समर्थनही होते काय? हा प्रश्न फार जुना आहे. अलीकडे मात्र तो एका अनपेक्षित दाराने आपल्या घरांत शिरला आहे, आणि ते दार म्हणजे मुलांचे व्हिडिओ गेम. पिंप्राळा हे एके काळचे खेडे आता जळगाव शहरात सामावून गेले आहे. आषाढी एकादशीला जिथे रथ ओढला जातो, त्याच गल्ल्यांतून संध्याकाळी पडद्यासमोर बसलेल्या मुलांचे आवाज कानी येतात. ही मुले काय खेळतात, याची चौकशी वडीलधाऱ्यांनी फारशी केलेली नाही. 'वेळेचा अपव्यय' एवढे म्हणून आपण तो विषय संपवतो. आम्ही थोडी चौकशी केली, आणि आम्हांला आश्चर्य वाटले ते हे की या खेळांतला खलनायक पुष्कळदा नायकापेक्षा अधिक विचार करायला लावणारा असतो.

उदाहरण म्हणून जपानच्या 'कोनामी' कंपनीने २००३ साली काढलेला 'कॅसलव्हेनिया : लॅमेंट ऑफ इनोसन्स' हा खेळ घ्या. त्यात अकराव्या शतकातला मॅथायस नावाचा एक योद्धा आहे. धर्मासाठी लढायला तो दूर देशी जातो आणि परततो तेव्हा त्याची पत्नी एलिझाबेथा मरण पावलेली असते. ज्याच्यासाठी आपण लढलो त्या परमेश्वराने आपली पत्नी राखली नाही, हे त्याला सहन होत नाही. मृत्यूच नाकारून, अनंतकाळ जगून परमेश्वराला शाप देत राहायचे, असा तो निश्चय करतो, आणि त्या अमरत्वाच्या प्राप्तीसाठी लिऑन या आपल्याच मित्राला फसवून वापरून घेतो. त्या कारस्थानात लिऑनची वाग्दत्त वधू सारा हिचा बळी जातो. पुढे हाच मॅथायस ड्रॅक्युला होतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युलाला असा पत्नीवियोग नाही. गतपत्नीसाठी देवाला नाकारणारा ड्रॅक्युला जगभर पोहोचवला तो १९९२ साली फ्रान्सिस फोर्ड कपोलांच्या चित्रपटाने. शंभर वर्षांपूर्वीच्या वाचकाला राक्षस हा राक्षस म्हणून पुरत होता. आजच्या माणसाला त्या राक्षसाचे अश्रूही पाहावेसे वाटतात. ही आवड वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. शत्रूच्याही काळजात डोकावण्याची सवय ख्रिस्ती माणसाला परकी असू नये.

तथापि या आवडीची दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्राने रक्ताने आणि आगीने पाहिली आहे. १९९० साली उल्हासनगरात परीक्षा देत असलेल्या एका शाळकरी मुलीला जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला नोकरीवर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले आणि आठवड्याभराने तिने प्राण सोडला. अशा प्रत्येक वेळी कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर कुणीतरी हळूच म्हणतेच, 'बिचाऱ्याचा प्रेमभंग झाला होता.' या 'बिचारा' शब्दाची आम्हांला भीती वाटते. मॅथायसची पत्नी त्याची होती आणि मृत्यूने तिला नेले. हिंगणघाटच्या त्या तरुणाचे काय हरवले होते? जे कधी त्याचे नव्हतेच, ते हरवले म्हणून त्याने आक्रोश मांडला. हरवलेले प्रेम आणि न मिळालेले प्रेम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपली गाणी आणि चित्रपट तो फरक पुसून टाकतात. परंतु वादाकरिता तो फरक बाजूला ठेवू. दुःख खरे आहे, प्रेमही खरे होते, असेच धरून चालू. मग काय?

याचे उत्तर शोधायला आपल्या खानदेशाला परदेशी जाण्याची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडे, सातपुड्यात अस्तंबा नावाचे उंच शिखर आहे. (१९९८ सालापर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता.) दिवाळीच्या सुमारास आदिवासी तरुण मोठ्या संख्येने पायी ते शिखर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो या डोंगरांतून तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही तो पहाटे शंकराला फुले वाहून जातो, असे सांगतात. ज्या भूमीने या शापिताला आपल्यात राहू दिले, ती आपली भूमी आहे.

अश्वत्थाम्याचे दुःख खोटे नव्हते. त्याच्या मृत्यूची हूल उठवून, अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून, त्याच्या पित्याला शस्त्र खाली ठेवायला लावले गेले. आणि निःशस्त्र बसलेल्या द्रोणांचा शिरच्छेद धृष्टद्युम्नाने केला. ज्या मुलावरच्या मायेने बाप मेला, त्या मुलाच्या काळजात काय पेटले असेल याची कल्पना करता येते. सौप्तिक पर्वात तो रात्री वडाखाली जागा आहे. झाडावर निजलेल्या कावळ्यांना एक घुबड गुपचूप मारताना तो पाहतो आणि तोच मार्ग त्याला सुचतो. इथवर सारे दैवाने घडवून आणल्यासारखे वाटते. पिता गेला तो कपटाने, घुबड आले ते योगायोगाने. त्याने करावे तरी काय?

महाभारतकार मात्र त्याला इथे सोडत नाहीत, आणि आमच्या मते हेच त्यांचे मोठेपण आहे. घुबडानंतर लगेच त्यांनी कृपाचार्यांना जागे केले आहे. मामा भाच्याला समजावतात, आणि त्यांच्या समजावण्याचा विषय नेमका दैव आणि पुरुषप्रयत्न हाच आहे. पाऊस डोंगरावर पडला तर काय पिकते, आणि नांगरलेल्या शेतावर पडला तर काय पिकते, असा दृष्टान्त ते देतात. पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. नांगर धरणे आहे. ज्या शेतकऱ्याने मृगाआधी काळी जमीन तयार ठेवून आभाळाकडे डोळे लावले आहेत, त्याला हा दृष्टान्त कुणी फोड करून सांगायला नको. कृपाचार्य पुढे म्हणतात, आज नीज, उद्या धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, मग ते सांगतील तसे करू. एक रात्र थांबायचे, एवढेच मागणे होते. अश्वत्थामा थांबत नाही. या कृत्याने पुढल्या जन्मी आपण किडा किंवा पतंग झालो तरी चालेल, असे तो स्पष्ट बोलून दाखवतो. म्हणजे आपण काय करतो आहोत आणि त्याची किंमत काय, हे त्याला ठाऊक आहे. दैवाच्या पुरात वाहून जाणारा माणूस असा हिशेब करीत नाही. त्या रात्री निजलेला धृष्टद्युम्न मेला. निजलेले द्रौपदीचे पाच पुत्र मेले. पुढे उत्तरेच्या गर्भावरही अस्त्र गेले. पित्यासाठी सुरू झालेला सूड न जन्मलेल्या बाळापर्यंत पोहोचला.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाच्या बाबतीतही हेच घडते. भावाला मारण्याआधी परमेश्वर स्वतः त्याच्याशी बोलतो : पाप दाराशी टपून आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवली पाहिजेस. काइनाला आणि अश्वत्थाम्याला, दोघांनाही आधी सावध केले गेले होते. संत ऑगस्टीन तरुणपणी ज्योतिषाच्या नादी लागले होते. त्यातून ते कसे सुटले, हे त्यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त सांगितले आहे. फिर्मिनस नावाचा त्यांचा परिचित आणि एका दासीचा मुलगा एकाच घटकेला जन्मले होते. ग्रह तेच, घटका तीच, आणि एकाचे आयुष्य वैभवात गेले तर दुसऱ्याचे गुलामीत. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तरुण वयात वैधव्य आले. त्यांनीही ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नकोस असेच सुनावले आहे. दैवाला दोष द्यायचा अधिकार कुणाला असलाच, तर तो त्या माउलीला होता.

येथे कुणी म्हणेल की हे सारे फार कठोर झाले. माणूस दुःखाने वेडा होतो, त्याला न्यायाधीशाच्या तराजूत काय तोलता? हा आक्षेप आम्ही मनापासून मान्य करतो. ख्रिस्तसभाही तो मान्य करते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅटेकिझम'च्या १७३५ व्या परिच्छेदात भय, सवय, बेसुमार आसक्ती, मनाची अवस्था यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी कधी नाहीशीही होऊ शकते, असे म्हटले आहे. म्हणून कोणाच्या आत्म्याचा निकाल लावण्याचे काम आपले नव्हे. परंतु जबाबदारी कमी होणे निराळे आणि कृत्य योग्य ठरणे निराळे. निजलेली मुले मारणे हे कोणत्याही दुःखाच्या तराजूत योग्य होत नाही. शिवाय 'त्याचा इलाजच नव्हता' असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याला आपण दया दाखवतो असे आपल्याला वाटते. खरे तर आपण त्याचे माणूसपणच काढून घेतो. ज्याला इलाज नव्हता त्याला पश्चात्तापही नाही. आणि ज्याला पश्चात्ताप नाही, त्याला क्षमा तरी कशाची करायची?

आणि मग द्रौपदी. या कथेत तिच्याकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही. एका रात्रीत पाच मुले गेली. दुःखाने माणूस राक्षस होतोच असे असेल, तर त्या सकाळी तिच्याएवढे कारण कुणालाच नव्हते. महाभारतात तिने अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी मागितला आहे आणि तो मिळाल्यावर गुरुपुत्राला सोडून दिले आहे. भागवतात ती याहून पुढे जाते. अर्जुनाने अश्वत्थाम्याला बांधून तिच्यापुढे आणून टाकले, तेव्हा त्याला सोडा, असे ती म्हणते. मी जशी रडते आहे तशी त्याची आई कृपी रडू नये, हे तिने दिलेले कारण. तेच दुःख, तीच रात्र, तेच शिबिर. एकाला दुसऱ्याची मुले दिसली नाहीत आणि दुसरीला शत्रूची आई दिसली. त्या व्हिडिओ गेममध्येही, नवल म्हणजे, असाच एक साक्षीदार आहे. लिऑननेही आपली सारा गमावली आहे, तीही मॅथायसच्या कपटाने. मॅथायस त्याला आपल्याबरोबर अमर होण्याचे आमंत्रण देतो, तेव्हा लिऑन ते नाकारतो. ज्यांनी हा खेळ रचला, त्यांना द्रौपदी ठाऊक असण्याचे कारण नाही.

मुलांशी या खेळांविषयी बोलायचे असेल तर लिऑनपासून सुरुवात करावी, असे आम्हांला वाटते. खलनायकाची करुण कहाणी मुलांना पाठ असते. त्याच प्रसंगी, तेवढेच गमावून, तसे न वागलेला माणूस कोण होता, असे विचारले की मुले गप्प होतात आणि मग बोलू लागतात. ते बोलणे ऐकायला घरातल्या मोठ्या माणसांनी थोडा वेळ काढावा लागतो, आणि बहुधा तोच कमी पडतो.

काइनाच्या आणि अश्वत्थाम्याच्या खुणेत मात्र एक फरक आहे. काइनावर परमेश्वराने खूण केली ती कुणी त्याला मारू नये म्हणून. ती खुनी माणसाला दिलेली ढाल होती. अश्वत्थाम्याच्या कपाळावरची जखम ही शिक्षा होती, आणि तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याच्या शापासह ती त्याला मिळाली. पण सातपुड्यातल्या माणसांनी त्या शिक्षेत आपले काही मिळवले आहे. अस्तंब्याच्या चढणीवर कुणी यात्रेकरू वाट चुकला, तर अश्वत्थामा त्याला वाट दाखवतो, अशीही तिथे श्रद्धा आहे. ज्याने एके रात्री निजलेल्यांचे तंबू शोधून काढले, तोच आता अंधारात चुकलेल्यांना सुखरूप वर नेतो. ही गोष्ट कोणत्याही पर्वात लिहिलेली नाही. ती डोंगर चढणाऱ्यांनी आपल्या मनाने जोडली आहे.