जिवंत धरणारे
(लूक 5:1-11)



प्रशांत महासागरात किरिबाती देशाचे एक प्रवाळबेट आहे. 1777 साली नाताळच्या आदल्या दिवशी कॅप्टन जेम्स कुक तेथे पोहोचला, म्हणून त्याला ख्रिसमस बेट हे नाव पडले. तेथील गुडघाभर खाऱ्या पाण्यात बोनफिश नावाचा चंदेरी मासा गळाने धरतात. गळाला पिसे व दोरा गुंडाळून खोटी कोळंबी बनवतात. हा मासा फार भित्रा. माणसाची सावली पडली तरी पळतो. म्हणून वाटाड्या हळूहळू चालतो, आधी नीट पाहतो, मगच दोर टाकायला सांगतो. गळाचा उलटा काटा दाबून टाकतात. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पेत्राला माणसे धरणारा करतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'जिवंत धरणे'. जाळ्यात आलेला मासा मरतो. प्रभूच्या हाती आलेला माणूस जगतो.

भावकीच्या भांडणामुळे किंवा कोणाच्या टोचून बोलण्यामुळे मिस्साला येणे सोडलेले एखादे कुटुंब आपल्या शेजारी असते. आपण त्यांच्या दारी जातो, तेव्हा आपल्या मोठेपणाची सावली आधी पोहोचते का? आपल्या उपदेशाला उलटा काटा असतो का?

मात्र एक फरक विसरू नये. गळाला खोटे आमिष असते. प्रभू फसवत नाही, तो स्वतःलाच भाकर म्हणून देतो.

या आठवड्यात अशा एका घरी जाऊ या. बोलण्याआधी ऐकून घेऊ या. प्रभू आपणांस तशी कृपा देवो.