होऊन जाईल

चेन्नईच्या साहुकारपेठेत (तमिळ माणूस तिला सौकारपेट म्हणतो) आमचं गलाईचं दुकान आहे. सोनारांनी आणलेलं जुनं सोनं शुद्ध करून द्यायचं आणि त्याची मजुरी घ्यायची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं हाच धंदा घेऊन देशभर पांगली. माझे वडील त्यांतलेच. दुकानात मला धरून पाच माणसं आहेत आणि त्यांतला एक माझा सख्खा भाचा.

अक्षय तृतीयेच्या आधीचे पंधरा दिवस या शहरात सोन्याचे असतात. त्या दिवशी काही पेढ्या पहाटेच उघडतात. साहजिकच त्याआधी आमच्याकडे माल येत राहतो. सोनाराचा फोन येतो, "उद्या सकाळी मिळेल ना?" आणि मी म्हणतो, "होऊन जाईल."

या दोन शब्दांनी मला बरीच वर्षं छळलं आहे. मराठीत या वाक्याला कर्ता लागत नाही. ‘मी करीन’ म्हटलं तर निदान बोलणारा बांधला जातो. ‘होऊन जाईल’ म्हटलं की काम जणू पावसासारखं आपोआप पडणार आहे. प्रत्यक्षात ते भट्टीजवळ उभ्या असलेल्या पोराच्या अंगावर पडतं. शब्द माझा, रात्र त्याची. दुसऱ्याच्या अंगातल्या ताकदीवर आपण शब्द देऊ शकतो का, आणि देऊ शकत असू तर किती, हा माझा प्रश्न आहे.

गलाईत घाई चालत नाही, हे आधी सांगायला हवं. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून ते वितळवायचं, पाण्यात ओतून दाणे करायचे आणि मग ते तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी राहतं. ती धुवायची, वाळवायची, पुन्हा मुशीत घालून लगडी ओतायची. तेजाबाचा तांबूस धूर छातीत गेला की दिवसभर खोकला जात नाही. यातली कुठलीच पायरी मालक ओरडला म्हणून लवकर संपत नाही. लवकर संपते ती माणसाची सावधगिरी.

चार वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास भाच्यानं दोन पार्ट्यांच्या मालाची अदलाबदल केली. एकाचं वजन भरेना, दुसऱ्याचं जास्त. तोवर दुसऱ्याची लगडी बाजारात गेली होती. फरक मला खिशातून भरावा लागला. मी त्याला विचारलं, "लक्ष कुठं होतं तुझं?" तो म्हणाला, "चुकलं, मामा. पगारातनं कापा." वहीत बघितलं तर तो सकाळी सहापासून उभा होता.

मी कापले. दोन महिने.

आता कायद्याचं बोलू. तमिळनाडूचा दुकाने-आस्थापनांचा कायदा १९४७ चा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. २०२१ साली त्यात दुकानातल्या माणसाला बसायला जागा देण्याची तरतूद आली. माणसाला बसू द्यावं हे कायद्यात लिहावं लागलं, यावर वेगळं काही बोलायला नको. २१ एप्रिल २०२३ रोजी विधानसभेनं कारखान्यांत बारा तासांच्या दिवसाला वाट करून देणारं विधेयक मंजूर केलं. आठवड्याचे तास ४८ च राहतील, चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी घेता येईल, असा युक्तिवाद होता. गणित बरोबर होतं. पण अकराव्या तासाचा माणूस तिसऱ्या तासाचा माणूस नसतो, आणि रविवारची झोप मंगळवारी रात्री दोन वाजता वापरता येत नाही. दहा दिवसांत, १ मे रोजी, सरकारनं विधेयक मागं घेतल्याचं जाहीर केलं. याच शहरात सिंगारवेलरांनी १ मे १९२३ रोजी देशातला पहिला कामगार दिन साजरा केला होता. बरोबर शंभर वर्षं झाली होती.

पण कायद्यानं माझं समाधान होत नाही. आमच्याकडे पोरं दुकानाच्या माळ्यावरच राहतात, कोण कधी कामावर आहे हे घड्याळ सांगू शकत नाही. आणि भाचा ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मीच शब्द दिलाय की पोराला मार्गी लावतो. मी विचारतो, "जमेल का रे?" तो म्हणतो, "जमेल." हा होकार मोजायचा कसा? परक्या नोकरानं निदान तोंड वाकडं केलं असतं.

सहावा माणूस ठेवा, असं मित्र सांगतात. ठेवला तर वर्षातले नऊ महिने तो अर्धा दिवस बसून राहणार आणि त्याचा पगार बाकीच्यांच्या वाढीतून जाणार. हेही अन्यायाचंच वाटतं. पण एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीचं गणित मांडलं, आणि त्यातून पुढं वाढलेलं रांगेचं शास्त्र वेगळं सांगतं. माल अवेळी येत असेल आणि माणूस ८० टक्के गुंतलेला असेल, तर साध्या हिशेबानं नव्या मालाला सरासरी चार कामांएवढं थांबावं लागतं. ९० टक्के गुंतलेला असेल तर नऊ. म्हणजे आम्ही ज्याला ‘रिकामं बसणं’ म्हणतो तीच दुकानाची खरी ताकद. वडिलांना हे पटलं नसतं. मलाही अजून रोकड मोजताना पटत नाही.

मरीनावर देवीप्रसाद रॉयचौधरींचं श्रमविजयाचं शिल्प आहे, १९५९ पासून. चार माणसं मिळून एक धोंडा हलवताहेत. संध्याकाळी तिथं गेलो की मी चारही पाठी बघतो. मालक शिल्पात नाही.

यंदा भट्टीमागच्या फळीवर खडूनं आकडा लिहिला, रोज इतकेच नग. तिसऱ्याच दिवशी जुन्या सोनाराला "परवा" म्हणालो. तो रागावला नाही, शेजारच्या गल्लीत गेला आणि अजून परतलेला नाही. त्या रात्री पोरं अकराला झोपली.

कापलेले पैसे मात्र अजून माझ्याकडेच आहेत. दिवाळीला बोनसमध्ये घालून देता आले असते, पण मग ते कशाचे हे त्याला कळलं नसतं. वेगळे द्यायचे तर काय म्हणून द्यायचे, ते वाक्य मला अजून जुळत नाही. त्याला कर्ता लागतो.