बंद पेटीतला दोष

विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला न दिसणारा दोष सांगणे हे कर्तव्य की नुसता चांगुलपणा, हा नीतिशास्त्रातला जुना वाद आहे. जुन्या आलिशान फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या बाजारात तो बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपाशी येऊन ठेपतो. पत्र्याचा पोचा आणि टायरची झीज कोणालाही दिसते. गिअरबॉक्सची झीज बंद पेटीत राहते, आणि तो पुरता उघडून बांधायची वेळ आली की स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्त राहत नाही.

झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरांचा ६एचपी२६ हा याचा चांगला नमुना. २००१ मध्ये तो बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये आला आणि पुढे लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ सारख्या सुमारे अडीच टनांच्या गाड्यांतही बसला. त्यातले ऑइल बदलावे लागत नाही, असे गाड्यांचे निर्माते सांगत आले. खुद्द झेडएफचा सल्ला मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर ८ वर्षांनी ऑइल बदलण्याचा आहे. टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच धक्के गिळण्यासाठी थोडा घसरू दिलेला असतो. त्याची भुकटी ऑइलमध्ये मिसळते आणि तेच ऑइल व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतून फिरते. क्लच झिजू लागले की गिअरबॉक्सचा संगणक ऑइलचा दाब कमीजास्त करून सांभाळून घेतो, त्यामुळे चालवणाऱ्याला बराच काळ काहीच जाणवत नाही. पुढे गाडी चांगली तापल्यावर, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून एका वेगाने जाताना, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर सुरू होते. थंड गाडीच्या दहा मिनिटांच्या फेरीत ती सापडणे कठीण. शिवाय संगणकाने शिकून ठेवलेली जुळवणी आणि नोंदलेले फॉल्ट कोड स्कॅनर लावून पुसता येतात, आणि मग गाडी काही दिवस निमूट चालू शकते.

या वादाची सर्वांत सुबक मांडणी सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सापडते. बॅबिलोनचा डायोजिनिस आणि त्याचा शिष्य टार्ससचा अँटिपेटर हे दोघे स्टोइक तत्त्वज्ञ त्यात समोरासमोर आहेत. घर विकायचे आहे; ते रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजके आहे, आणि हे मालकाखेरीज कोणाला माहीत नाही. डायोजिनिस म्हणतो की घ्यायची सक्ती कोणी केलेली नाही, घेणाऱ्याला स्वतःची पारख आहे, आणि न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटरच्या मते हे वाटसरूला रस्ता न दाखवण्याहूनही वाईट, कारण इथे जाणूनबुजून माणसाला चुकीच्या वाटेला लावले जाते. सिसेरो कौल देतो तो अँटिपेटरच्या बाजूने.

डायोजिनिसचा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. त्यावाचून कोणताच बाजार चालणार नाही. पण त्याचा सगळा भार पारखीवर आहे. जिथे पारख करताच येत नाही, तिथे त्याचा पायाच निघून जातो.

भारतीय धर्मशास्त्राने ही अडचण मुदत देऊन सोडवली. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७ आणि बियाण्यांना १० दिवस दिलेले आहेत. (यादीत दास-दासीही आहेत, हे विसरून तिचे कौतुक करू नये.) ज्याचे गुणदोष लवकर कळत नाहीत त्याला अधिक दिवस, हे त्यामागचे शहाणपण. नारदस्मृती आणखी कडक आहे: निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्याने दुप्पट किंमत भरावी आणि तेवढाच दंडही. स्कॅनरने खुणा पुसून गाडी दाखवणारा याच कलमात बसतो. त्याच्यासाठी तत्त्वज्ञानाची गरजच नाही.

गप्प बसणाऱ्याचा प्रश्न अवघड आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मधली बहुतेक उदाहरणे घोड्याची आहेत. सदोष घोडा लिलावात विकताना मालक गप्प राहिला तर ती फसवणूक नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणे भाग आहे. आणि ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटल्यावर धरलेले मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते. म्हणजे मुलीला जे सांगावे लागते ते परक्याला न सांगण्याची मोकळीक कायदा देतो. अँटिपेटरला नेमकी हीच मोकळीक मान्य नव्हती.

तिसरा विक्रेता या दोघांहून वेगळा. त्याला खरोखरच काही माहीत नसते, कारण त्याने कधी ऑइल पाहिले नाही, मेकॅनिकला विचारले नाही. ‘माझ्या माहितीत दोष नाही’ हे त्याचे वाक्य खरे असते. पण माहिती होऊ नये म्हणून पाहिलेच नाही, तर त्या अज्ञानाचा आडोसा त्याला घेता येत नाही. ऑइल कधी बदलले, बदललेच नसेल तर तसे, आणि गाडी तापल्यावर कशी चालते, एवढे पैसे घेण्याआधी न विचारता सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे.