पिठाचा कोंबडा आणि हिरवे रक्त

सोमदेवसूरीने इ. स. 959 मध्ये, राष्ट्रकूटांच्या अमदानीत रचलेल्या 'यशस्तिलक' या ग्रंथातील यशोधर राजा मातेच्या आग्रहास्तव देवीपुढे खऱ्या प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा कापतो, आणि एकाही जीवाला प्रत्यक्ष इजा झालेली नसताना केवळ त्या संकल्पापायी मायलेकांना अनेक पशुयोनींतून भटकावे लागते. जैन विचारवंतांनी प्रत्यक्ष घडणारी द्रव्यहिंसा आणि मनात घडणारी भावहिंसा असा जो भेद केला, त्याचे याहून मार्मिक उदाहरण सापडणे कठीण.

मावळातील पवनानगरच्या चौकात तिकोना किल्ल्याकडे पाठ करून, मोबाइल आडवा धरून गोळीबाराचा खेळ खेळत बसलेली मुले जेव्हा 'नॉक झालो, लवकर रिव्हाइव्ह दे' असा धावा करतात आणि तो घायाळ वीर शेजारीच हसत बसलेला दिसतो, तेव्हा हाही पिठाचा कोंबडाच काय, असा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते नाही. कारण यशोधराच्या मनात बळी देण्याचा संकल्प होता, या मुलांच्या मनात असतो तो डाव जिंकण्याचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये अशा खेळांचा आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी अल्पसा संबंध मान्य केला. परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा दिला.

तथापि एवढ्याने मन बधिर होण्याची शंका निकालात निघत नाही. सरकारी बंदीनेही तिला हात घातला नाही: 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पबजी या अशाच खेळासह 118 ॲपवर मनाईहुकूम जारी केला तो देशाच्या सुरक्षेच्या सबबीवर, हिंसेच्या नव्हे. आणि 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला तेव्हा लाल रक्ताच्या जागी हिरवे रक्त आले. रंग बदलला, मारणे तसेच राहिले. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनीही नाटकाच्या अंकात मृत्यू प्रत्यक्ष दाखविण्यास मनाई केली होती. पण त्यांनी शोक वगळला नाही, उलट करुणरसाला रंगभूमीवर मानाचे स्थान दिले. खेळात मात्र लाल रक्ताबरोबर विलापही नाहीसा झाला आहे.

गोळीनंतर काय उरते, हे पवनेच्या याच खोऱ्याला पुरते ठाऊक आहे. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मृत्युमुखी पडले. त्या गोळ्यांनंतर पुन्हा डाव मांडता आला नाही. घरे उघडी पडली आणि दरवर्षी त्या दिवशी मावळ श्रद्धांजली वाहतो.

तेव्हा बंदुकीचा आवाज हुबेहूब असणे हा दोष गौण. कृती आणि तिचा परिणाम यांची फारकत हा खरा दोष होय, आणि तो पडद्यापुरता राहत नाही, कारण गोळीबाराची दृश्ये दूरदर्शनसंचावर पाहून वाहिनी बदलणारे आपण प्रौढही त्याला अपवाद नाही. पालकांनी मोबाइल जरूर काढून घ्यावा, वेळेचे बंधनही घालावे. परंतु बऊरला काय घडले हे मुलाला एकदा तरी स्वतः सांगावे. ते काम कोणताही सरकारी हुकूम आपल्यासाठी करणार नाही.