भाजलेल्याचें ऋण कोणावर?

कोल्हापुराकडील गुऱ्हाळांत उकळत्या काहिलीपाशीं काम करणाऱ्यास ठाऊक असतें कीं, तोल जाण्यास एक क्षण पुरतो. चुलीपाशीं पदर पेटण्यासही तेवढाच वेळ लागतो. भाजलेल्यास मरण पुष्कळदां आगीनें तत्काळ येत नाहीं. कातडीचें पांघरूण गेल्यावर अंगांतील पाणी झिरपून जातें, उघड्या जखमेंत जंतु शिरतात, आणि त्यामुळें तें मागाहून येतें.

रोग्याच्याच धडधाकट अंगाची कातडी जखमेवर लावणें हा उत्तम उपाय. परंतु सारेंच अंग भाजलें असतां ती आणावी कोठून? १९७५ सालीं अमेरिकेंतील जेम्स राइनवॉल्ड व हॉवर्ड ग्रीन ह्यांनीं कातडीच्या पेशी पात्रांत वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. शेतकरी वाफ्यांत तरवा करितो व मग रोपें शेतांत लावितो, तसाच हा प्रकार होय. लहानशा तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत मोठी जखम झांकण्याजोगे पापुद्रे तयार होतात. १९८३ सालीं अमेरिकेंत ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेले दोन लहान भाऊ ह्या उपायानें वांचले.

आतां कोणी विचारील, प्रत्येकाची कातडी त्याच्याच अंगापासून वाढतां येते, तर शेजाऱ्यानें कांहीं देण्याचें कारण काय उरलें? प्रश्न रास्त आहे. पण तरवा वाढेपर्यंत रोगी जगला पाहिजे. तोंवर त्यास झांकणार कोण? शिवाय हे पापुद्रे फार नाजूक; खालीं कातडीचा जाड थर नसल्यास ते नीट धरत नाहींत. आणि आपल्याच पेशींची कातडी झाली तरी ती वाढविणारे व लावणारे हात दुसऱ्यांचेच असतात. सर्वस्वी स्वतःच्या बळावर बरा झालेला रोगी कोठेंच नाहीं.

हा मधला काळ मृताची कातडी निभावते. मुंबईच्या सायन इस्पितळांत २००० सालीं डॉ. माधुरी गोरे ह्यांच्या प्रयत्नानें त्वचापेढी निघाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरांतही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत मांड्या, पाय व पाठ ह्यांवरील अति पातळ थर काढितात. रक्तगट जुळावा लागत नाहीं. ग्लिसरिनांत घालून थंड जागीं ठेविलेली ही कातडी दीर्घकाळ टिकते. रोग्याच्या अंगावर मात्र ती कांहीं आठवडेच राहते व गळून पडते. पण दान थोड्या दिवसांचें म्हणून तें थोडें ठरत नाहीं. त्याच दिवसांत प्राण जावयाचा किंवा राहावयाचा असतो.

मृताचा देह विद्रूप होईल असें कित्येकांस भय वाटतें. तें प्रेमापोटीं असतें, म्हणून त्याची थट्टा करूं नये, समजूत घालावी. चेहऱ्यास कोणी हात लावीत नाहीं, आणि पट्ट्या बांधून देह सन्मानानें परत देतात.

तरी त्या सहा तासांत रडणाऱ्यांस विचार सुचत नाहीं. म्हणून, वाचकहो, जवळच्या इस्पितळांत अशी सोय आहे कीं नाहीं हें आधींच विचारावें, आणि आपली इच्छा घरच्यांस जिवंतपणींच सांगून ठेवावी.