वात की काच

कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्हज आहेत. बहुतेक कृष्णधवल. सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या, बटरपेपरच्या पाकिटांत. दर रविवारी मी त्या जुन्या स्कॅनरवर स्कॅन करतो. करतो म्हणजे, करत होतो. मध्ये तीन महिने माझा फक्त अभ्यास चालला होता : नवा स्कॅनर घ्यावा की नाही? दुप्पट डीपीआयचा, म्हणजे इंचाला दुप्पट बिंदू टिपणारा, धूळ आपोआप काढणारा. वहीची दोन पानं तुलनेने भरली. डब्याचं झाकण मात्र एकदाही उघडलं नाही.

मग एकदा वीज गेली आणि एकदम गावची आजी आठवली. दिवेलागणीच्या आधी ती कंदिलाची काच काढायची, चिमूटभर राख घ्यायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने आतून-बाहेरून पुसायची. रोज. कधी तिला उशीर झाला, उजेड मंद वाटला, की मी लगेच वात वर करायचो. क्षणभर लख्ख व्हायचं, मग ज्योत धूर ओकायची आणि काच आणखी काळी. आजी आतूनच म्हणायची, “अरे, वात खाली कर आधी. काच आण इकडे.”

माझा अभ्यास म्हणजे वात वर करणंच होतं. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. माझ्या जुन्या स्कॅनरच्या २४०० डीपीआयवर तिचे सुमारे ७७ लाख बिंदू होतात. आठ बाय दहा इंचांची छान प्रत निघायला तेवढे पुरतात. डीपीआय वाढवला तर फिल्मवरची धूळही तितकीच रेखीव येणार. आणि धूळ आपोआप काढायची ती सोय? ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून हे किरण आरपार जातात, धुळीला अडतात. म्हणून यंत्राला धूळ ओळखता येते. पण कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, आणि चांदीलाही ते अडतात. मग धूळ कुठली आणि आजोबांच्या पांढऱ्या मिशा कुठल्या, हे यंत्राला कळायचं कसं? माझा डबा तर जवळजवळ सगळा कृष्णधवल! हे सगळं वाचून झाल्यावर मी स्कॅनरची काच उजेडात तिरकी धरून पाहिली. तिच्यावर बोटांचे ठसे होते. माझेच.

नवं काही घेऊच नये असं नाही. स्कॅनरचं मूळ सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तेव्हा दुसरं घेतलं. त्यावाचून इलाजच नव्हता. स्कॅनर मात्र तोच ठेवला. सोबत एक रबरी फुगा आणला, दाबला की हवा सोडणारा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे बारीक शिंतोडे फिल्मवर वाळून बसतात, हे मी एक पट्टी खराब करून शिकलो. आता रविवारची वाट बघत नाही. सकाळी चहा उकळेपर्यंत काच पुसायची, पट्टी कडांना धरायची, दोन्ही बाजूंनी हवा मारायची, एवढंच. रोज एक पट्टी. काल आजीचा फोटो पुन्हा स्कॅन केला. निगेटिव्हवरची धूळ फोटोत पांढरी उमटते. आधीच्या स्कॅनमध्ये आजीच्या हनुवटीवर असाच एक पांढरा केस आडवा पडला होता. या वेळी तो गेला. त्याच्या जागी एक काळा ठिपका राहिला, पुन्हा हवा मारली तरी तो तसाच. मग लक्षात आलं, ते तिचं गोंदण होतं.