गावठी आणि नाट्टु

कुंभकोणमच्या बाजारात ‘नाट्टु’ हा शब्द ऐकला की मराठी माणसाला ‘गावठी’ आठवावा. ‘नाट्टु कोळी’ म्हणजे गावठी कोंबडी. ती ब्रॉयलरपेक्षा महाग. ‘नाट्टु सक्करै’ ही गुळाच्या वळणाची तपकिरी साखर. आरोग्य जपणारी घरे ती आवर्जून घेतात. पण ‘नाट्टु सारायम’ म्हटले की आवाज खाली येतो. मराठीतही तसेच. ‘गावठी’ अंड्याला लागले की भाव चढतो, दारूला लागले की पोलिसांची धाड डोळ्यांसमोर येते. दोन भाषांनी एकाच विशेषणाला सारखीच दुहेरी वागणूक द्यावी, याचे अनुवादकाला आश्चर्य वाटते आणि सोयही होते.

स्थानिक वनस्पती घालून केलेल्या जिनची चव घेताना हा पेच समोर येतो. गोव्यात 2017 साली नाओ स्पिरिट्सने ‘ग्रेटर दॅन’ आणली. पाठोपाठ हिमालयातल्या जुनिपरची ‘हापुसा’ आली. तिचे नाव जुनिपरच्या संस्कृत नावावरून, ‘हपुषा’वरून घेतलेले. तिच्यात हळद आहे, गोंधोराज लिंबू आहे. तरी आपल्या अबकारी भाषेत जिन म्हणजे ‘भारतात बनलेली विदेशी दारू’. उलट फेणी ज्या काजूची, तो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. पण ती वर्षानुवर्षे ‘देशी दारू’च्या रकान्यात राहिली. काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले 2009 मध्ये. तेव्हा ‘स्थानिक’ म्हणजे नेमके काय? झाड कुठून आले ते, की भट्टी कोणाची ते?

मला वाटते, चव घेणारा बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि ते पहिल्याचे म्हणून सांगतो. जिनमधल्या उग्र वासाला तो ‘धीट’ म्हणतो, फेणीतल्या उग्र वासाला ‘दर्प’. वासांत खराच फरक असेल, तर वेगळे शब्द योग्यच. पण लेबल झाकल्यावर शब्द बदलत असेल, तर त्याने पेय जोखलेले नाही, करणाऱ्याची पायरी जोखली आहे. आणि हा अन्याय चवीपुरता राहत नाही. त्या शब्दावर बाटलीची किंमत ठरते, आणि किमतीवर कोणाची मुले भट्टी पुढे चालवतील तेही ठरते.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. जून 2024 मध्ये कळ्ळाकुरिचीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने साठहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. अशा राज्यात ‘नाट्टु सारायम’ची भीती हा निव्वळ उच्चभ्रूपणा कसा म्हणावा? म्हणू नयेच. पण मिथेनॉल नाकाला सहज ओळखू येत नाही. ते प्रयोगशाळेत मोजावे लागते. म्हणजे भीतीचा रास्त उपाय तपासणी हा आहे, आणि तो विदेशी रकान्यालाही लागू आहे. वासाला नाक मुरडून कोणी वाचत नाही.

म्हणून एक साधा नियम सुचतो. आधी घोट घ्यावा, शब्द लिहून ठेवावा, मग लेबल वाचावे. वाचल्यावर शब्द बदलावासा वाटला तर बदलावा, पण का बदलला ते वाचकाला सांगावे. ‘स्थानिक’ ही चव नव्हे. तो करणाऱ्याविषयीचा दावा आहे. तो जिभेने तपासता येत नाही. त्यासाठी कोणी तोडले, कोणी गाळले आणि कोणाला किती मिळाले, हे विचारावे लागते.